चर्चच्या जुन्या पोस्टकार्डाचं वय कसं काढायचं?

अमेरिकेतल्या लहानशा गावाचं जुनं पोस्टकार्ड. पांढऱ्या फळ्यांचं चर्च, टोकदार मनोरा, खाली ‘फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च’ एवढीच ओळ. साल कुठेच नाही. अशा वेळी चर्चकडे नंतर पाहावं, आधी कार्ड उलटं करावं.

1 मार्च 1907पूर्वी अमेरिकेत पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायला परवानगी नव्हती. म्हणून त्याआधीच्या कार्डांवर ‘सर्व कुशल’ वगैरे चित्राच्या कडेला, मनोऱ्याच्या बाजूच्या आकाशात कोंबलेलं दिसतं. नंतर मागे मधोमध उभी रेघ आली. रेघ नसेल तर कार्ड बहुधा 1907पूर्वी छापलेलं. टपालाच्या शिक्क्यावर मात्र भिस्त ठेवू नये. दुकानातला जुना साठा पुढे अनेक वर्षं विकला जाई, त्यामुळे कार्ड शिक्क्याच्या तारखेनंतरचं नाही, एवढंच त्यावरून कळतं.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग मनोऱ्याच्या कडेवर धरा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापखान्यातलं काम. ठिपके नसून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा सलग उतरत गेल्या असतील, तर ती थेट फोटोच्या कागदावर काढलेली प्रत. अशा कार्डावर मागे तिकिटाच्या चौकटीत बऱ्याचदा कागदाचं नाव असतं. ‘अ‍ॅझो’च्या चौकटीतले चारही त्रिकोण वर टोक करून असतील तर कागद साधारण 1904 ते 1918चा, दोन वर, दोन खाली असतील तर 1918 ते 1930चा.

नक्कल पकडायला अतिनील दिवा उपयोगी. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जी चमकद्रव्यं घालतात, तशीच साधारण 1950नंतर फोटोच्या कागदातही आली. अंधारात 1910चं म्हणवणारं कार्ड निळसर उजळलं तर ते विकत घेऊ नका. पण उजळलं नाही म्हणून ते जुनंच, असं मात्र ठरत नाही.

1930-40च्या दशकांतली कापडासारख्या पोताची रंगीत कार्डं फार देखणी असतात, पण ती कागदाचीच. मूळ फोटो बहुधा कृष्णधवल. रंग छापखान्यात चढत, विजेच्या ताराही तिथेच पुसल्या जात. चर्चची वीट खरंच लाल होती का, याचा पुरावा हे कार्ड देत नाही. शिकागोच्या कर्ट टाइक कंपनीच्या कार्डावर ‘7ए’सारखा क्रमांक असेल तर साल मिळतं: ‘ए’ म्हणजे 1930चं दशक, म्हणून 1937.

फोटोच्या कार्डावर गडद भागांत, विशेषतः कडेला, आरशासारखी निळसर चकाकी येते. दमट हवा आणि हलक्या पुठ्ठ्यातून निघणारे वायू यांमुळे प्रतिमेतल्या चांदीचे आयन होतात, ते जिलेटिनमधून, म्हणजे प्रतिमा धरून ठेवणाऱ्या पातळ थरातून, वर सरकतात आणि पृष्ठभागावर पुन्हा धातूची चांदी बनतात. हा मळ नव्हे, ती प्रतिमाच आहे; पुसली की गेली. लॅमिनेशन तर अजिबात नको. पीव्हीसीच्या पिशव्या टाळून पॉलिएस्टरचं पाकीट घ्यावं, आर्द्रता 30 ते 50 टक्के राखावी. नोंद पाकिटावरच लिहावी, आणि तीही कार्ड आत सरकवण्याआधी, नाहीतर पेनाचा दाब जिलेटिनवर उमटतो.