शरीरातले पडदे

सोलापूरचं डाळिंब फोडलं की दाण्यांच्या कप्प्यांमधून पिवळट पापुद्रे दिसतात. वनस्पतिशास्त्रात अशा भिंतीला ‘सेप्टम’ म्हणतात, अनेक असल्या तर ‘सेप्टा’. मूळ लॅटिन अर्थ कुंपण. शरीररचनाशास्त्रातही हेच नाव चालतं. आपण साधं ‘पडदा’ म्हणतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘सेप्टा’ दिसलं की लोक घाबरतात, पण ते आजाराचं नाव नाही. पडदा कुठे आहे, किती जाड आहे, यावरून डॉक्टर अर्थ लावतात.

हृदयाचा पडदा डाव्या-उजव्या बाजूचं रक्त वेगळं ठेवतो. पोटातल्या बाळाच्या या पडद्याला मात्र भोक असावंच लागतं. त्याची फुफ्फुसं अजून श्वास घेत नसतात, म्हणून वारेतून आलेलं प्राणवायूयुक्त रक्त उजव्या कर्णिकेतून थेट डाव्या कर्णिकेत जातं. जन्मल्यावर श्वास सुरू होतो, डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि पडद्याचीच एक पट्टी भोकावर घट्ट बसते. साधारण चारातल्या एका माणसात ती पुरती चिकटत नाही. बहुतेकांना याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. ‘हृदयाला छिद्र’ म्हणून ज्याची धास्ती असते, त्यात बहुधा पडद्याचा काही भाग तयारच झालेला नसतो.

गर्भाशयात उलट. ते दोन नळ्या जुळून बनतं आणि मधली भिंत विरून जायला हवी. राहिली तर गर्भपाताचा धोका वाढतो. दुर्बिणीतून ती कापता येते. तरीही अशा वेळी दोष बाईच्या माथी मारला जातो, याचा मला संताप येतो.

नाकाचा पडदा पुढे कूर्चेचा, मागे हाडाचा. पुढच्या भागात पातळ आवरणाखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. अमेरिकन शल्यविशारद जेम्स लिटल यांच्या नावाने ती जागा ओळखली जाते. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२ अंशांपलीकडे गेला, की कोरड्या हवेने हे आवरण तडकतं आणि पोरांचा घोळणा फुटतो. मग कुणी मान मागे टाकायला लावतं, कुणी कांदा हुंगवतं. मान मागे टाकली की रक्त घशात उतरतं. मुलाला बसवा, थोडं पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं न सोडता चिमटीत धरा, श्वास तोंडाने घेऊ द्या. तरीही थांबलं नाही तर लगेच दवाखाना गाठा. मोठ्या माणसाला रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.