स्नायूंचा आजार असलेल्या मुलाचं दिव्यांग कार्ड : गोव्यातल्या पालकांसाठी

ड्युशेन (मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा एक प्रकार) किंवा एसएमए (स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी) या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारांचं निदान झालं की घर औषधांच्या मागे धावतं आणि कागद वर्षभर मागे पडतात. तसं होऊ देऊ नका. मूल चालत असलं तरी यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज करता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं वेगळं नाव आहे; एसएमएमुळे हालचालीला येणारी अडचण अस्थिव्यंगात मोजतात.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर मुलाच्या नावाने, पालक म्हणून आई किंवा वडिलांनी भरायचा. आधार, अलीकडचा फोटो, पत्त्याचा पुरावा आणि निदानाचे कागद लागतात. जनुकीय चाचणी, सीपीके (स्नायूंसाठीची रक्तचाचणी), हृदयाचा इको, जे झालंय ते सगळं जोडा. आपल्याकडे अर्ज अडतो तो बहुधा आडनावावर. आधारवर गावकर, जन्मदाखल्यावर गांवकार! आधी ते जुळवून घ्या. इस्पितळ राहत्या जिल्ह्यातलं निवडता येतं, किंवा मुलावर जिथे उपचार चालू आहेत ते सरकारी इस्पितळ. म्हणजे वाळपईच्या मुलाला म्हापशाचं जिल्हा इस्पितळ आहेच, पण फाईल गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) असेल तर बांबोळी सोयीचं.

तपासणीच्या दिवशी काय होतं ते नीट सांगते, कारण खरी चूक तिथेच होते. सकाळी कदंबने जाऊन रांगेत बसलेल्या एका आईला डॉक्टरांनी विचारलं, चालतो का? ती कौतुकाने म्हणाली, ‘चालतो की!’ हाच मुलगा जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकत टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो, आणि रात्री त्याची कूस ती चार वेळा बदलते. हे तिने सांगितलंच नाही. म्हणून जाण्याआधी आठवडाभराची नोंद एका वहीत करा : शौचाला कोण उचलतं, जेवायला किती वेळ लागतो, ठसका लागतो का, रात्री किती वेळा उठावं लागतं. बायपॅप (श्वासाला मदत करणारं मशीन) किंवा कफ ओढायचं मशीन असेल तर त्याची चिठ्ठीही लावा. घरच्या शुश्रूषेचा पुरावा दुसरा कुठलाच नसतो.

दिव्यांगत्व ४० टक्के आणि त्यावर असेल तर बहुतेक सवलती मिळतात. ४० च्या खाली पांढरं कार्ड, ८० च्या खाली पिवळं, ८० पासून पुढे निळं. आजार वाढणारा असल्याने प्रमाणपत्र मुदतीचं मिळू शकतं; ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. नकार आला तर कारण लेखी मागा, त्यावर अपील करता येतं.

कार्ड आल्यावर पुढचा अर्ज जास्त आधाराचा, म्हणजे हाय सपोर्टचा. कायद्याच्या ३८ व्या कलमाखाली मुलाच्या वतीने पालक तो करू शकतात, आणि काळजी घेणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेखही याच कायद्यात आहे. तिथे ती वही परत कामाला येते. आई केंद्र सरकारी नोकरीत असेल तर बालसंगोपन रजेचे ७३० दिवस आहेत, आणि ४० टक्के दिव्यांग मुलासाठी वयाची अट नाही. निरामय या सरकारी आरोग्यविम्यासाठी मात्र उगाच खेटे घालू नका. तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुदिव्यांगत्वासाठी आहे. नुसत्या स्नायूंच्या आजाराला लागू नाही. महागड्या उपचारांसाठी दुर्मिळ आजार धोरणातून ५० लाखांपर्यंत मदत होऊ शकते, पण त्यासाठी नेमलेल्या केंद्रात नोंदणी हवी. मुंबईचं केईएम इस्पितळ त्यातलंच एक.

फाईलच्या अगदी वर एक चिठ्ठी ठेवा, निदान आणि चालू औषधं लिहिलेली. ड्युशेनच्या मुलाची स्टेरॉइड्स अचानक थांबवायची नसतात, आणि भूल देताना सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध टाळायचं असतं. अपघात विभागात रात्री दोन वाजता हे तोंडी आठवत नाही.