विदर्भातील जंगलाचे नकाशे: सागाच्या साठ्यापासून गवतापर्यंत

विदर्भातील एकाच जागेला वनखात्याच्या नकाशात एक नाव असते, सातबाऱ्यावर दुसरे आणि उपग्रहाच्या चित्रात तिसरे. हे तिन्ही नकाशे वेगवेगळ्या कामांसाठी निघाले. चितळ, नीलगाय, लांडगा कुठे राहतो हे पाहण्यासाठी त्यातला एकही निघाला नव्हता. आजच्या अधिवास-नकाशांतल्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथे आहे.

पहिला थर इमारती लाकडाचा. १८७८च्या वन कायद्यानंतर राखीव जंगल कक्षांत, म्हणजे क्रमांक दिलेल्या तुकड्यांत, वाटले गेले, तोड-लागवडीच्या कार्य आयोजना लिहिल्या गेल्या आणि त्यांच्यासोबत स्टॉक मॅप, म्हणजे उभ्या झाडांचे नकाशे, आले. सागाची प्रत, मिश्र जंगल, बांबू हे सगळे त्यात बारकाईने रंगवलेले असे. झाड नसलेल्या जागेला मात्र ‘ब्लँक’ म्हणत. चितळ जिथे चरतात ते गवत असे कोरे राहिले. पुढे वनशास्त्रज्ञ चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये केलेले आणि सेठ यांच्यासह १९६८ मध्ये सुधारलेले वनप्रकारांचे वर्गीकरण आले. त्यात मेळघाटापासून ताडोबापर्यंतचे बहुतेक जंगल ‘दक्षिणी उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी’ या एकाच गटात बसते. हवामान समजायला ते उत्तम आहे, पण सागाखाली कुसळीचे गवत आहे की घाणेरीचे झुडूप, हे त्यातून कळत नाही.

दुसरा थर महसुलाचा, आणि सर्वांत गुंतागुंतीचा. १९५१ मध्ये मालगुजारी (जमीनदारीसारखी महसूलपद्धत) संपली आणि गावाची निस्ताराची, म्हणजे सरपण-लाकडासारख्या सामाईक वापराची, आणि चराईची जमीन सरकारजमा झाली. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशी पुष्कळ जमीन ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदली गेली. १९८०चा वनसंवर्धन कायदा आणि ‘वन’ या शब्दाचा व्यापक अर्थ लावणारा १२ डिसेंबर १९९६चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांनंतर ती वन आहे की नाही, हा वाद पेटला. २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने ती वनच मानली. हे क्षेत्र सुमारे ८६ हजार हेक्टर आहे. यातल्या काही सर्व्हे नंबरांवर आज वस्ती, शाळा, स्मशानभूमी आहे, तर काहींवर खरोखर पळस, बोर, भराटी. नोंदीवरून यातले काहीच ओळखता येत नाही. वऱ्हाडात हीच गत ई-क्लास, म्हणजे गावच्या सरकारी चराईच्या, जमिनींची. अकोला-वाशीमकडे काळवीट आणि तणमोर हा माळरानी पक्षी अशाच गवतावर जगतात आणि तिथल्या फासेपारध्यांना त्याची इत्थंभूत माहिती असते. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशांत मात्र झुडपाळ जमीन ‘पडीक’ म्हणूनच मोजली गेली. आमच्या मते अधिवासाचे सर्वांत मोठे नुकसान या एका वर्गवारीने केले, कारण पडीक ठरलेली जमीन कुठल्याही प्रकल्पाला द्यायला सगळ्यांत सोपी असते.

तिसरा थर उपग्रहाचा. भारतीय वन सर्वेक्षणाचा पहिला अहवाल १९८७चा. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या चित्रांवरून, १:१० लाख प्रमाणावर, डोळ्यांनी वाचून केलेला. ४०० हेक्टरहून लहान तुकडा त्यात दिसतच नसे. आता किमान तुकडा १ हेक्टर आहे. पण व्याख्या ध्यानात ठेवावी: १ हेक्टरहून मोठी आणि १० टक्के छत्र (झाडांच्या माथ्यांची सावली) असलेली कोणतीही जमीन ‘वनाच्छादन’ धरली जाते, मालक आणि झाड कोणतेही असो. म्हणून वरूड-मोर्शीच्या संत्राबागाही त्या आकड्यात येतात.

२०१५ पासून सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची १० मीटरपर्यंतचा तपशील दाखवणारी चित्रे फुकट मिळतात, तरी चूक होतेच. साग उन्हाळ्यात पानगळीने उघडा पडतो, त्यामुळे फक्त एप्रिलचे चित्र घेतले तर दाट जंगल विरळ दिसते. फक्त नोव्हेंबरचे घेतले तर उभी तूर झुडपांत मिसळते. दोन्ही चित्रे एकत्र वाचावीत. नोव्हेंबरात हिरवे आणि एप्रिलात उघडे ते पानझडी जंगल किंवा तुरीसारखे पीक, दोन्हीत हिरवी ती बाग किंवा नाल्याकाठची झाडी. मोहफूल वेचण्यासाठी झाडाखाली लावलेली आग मार्च-एप्रिलात काळे डाग पाडते, ते आधी वेगळे काढावेत.

जमिनीवरची तपासणी टाळता येत नाही. १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात झाडे मोजावीत आणि गवताची उंची, घाणेरी, रानतुळस वेगळी लिहावी, कारण छत्राखालचे उपग्रहाला दिसत नाही. ठिकाण एकसारख्या तुकड्याच्या मध्यावर घ्यावे, काठावर नको. संगणकाला वर्गीकरण शिकवायला वापरलेले ठिकाण तपासणीला घेऊ नये, नाहीतर अचूकता फुगते. जुन्या टोपोशीटवरची (भूसर्वेक्षणाच्या छापील नकाशावरची) कक्षांची हद्द जीपीएसच्या नोंदीवर तशीच ठेवली तर ती शंभर मीटरहून अधिक सरकते, कारण दोन्हींचा भूमापनाचा आधार वेगळा आहे. आधी रूपांतर करावे.

व्याघ्र प्रकल्पांतील पुनर्वसित गावांच्या शेतांवर आता कुरणे उभी राहिली आहेत. तिथे नकाशा जुना होणे विशेष घातक. निगा राखली नाही तर रानतुळस आणि झुडपे गवताला दाबतात, पण दोन-तीन वर्षांपूर्वीच्या नकाशात ते कुरणच राहते आणि तृणभक्षींच्या चाऱ्याचा हिशेब चुकतो. अशा जागा दर वर्षी पावसाळा संपताच, गवत वाळण्याआधी, नव्याने मोजाव्या लागतात.