जनुकीय ठशाने आधी सोडवलं, मग पकडलं

एप्रिल २०१५ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर ‘कोड ऑफ अ किलर’ ही छोटी मालिका आली. लेस्टरशर परगण्यात १९८३ आणि १९८६ साली पंधरा-पंधरा वर्षांच्या दोन मुलींवर बलात्कार करून त्यांचा खून करण्यात आला, त्या तपासाची ही गोष्ट. जॉन सिमने शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज उभा केला, डेव्हिड थ्रेलफॉलने पोलीस अधिकारी डेव्हिड बेकर. गुन्हेगार सापडतो, तो शेवटाकडे. पण मला या गोष्टीचा गाभा त्याच्या बराच आधी दिसतो, एका निरपराध मुलाच्या सुटकेत.

दुसऱ्या खुनानंतर पोलिसांनी १७ वर्षांच्या एका मुलाला पकडलं. त्याला शिकण्यात अडचणी होत्या. चौकशीत त्याने दुसऱ्या खुनाची कबुली दिली, पहिल्याला मात्र ठाम नकार. दोन्ही कृत्यं एकाच माणसाची, अशी पोलिसांची खात्री होती. मग पहिल्या खुनाचाही पुरावा मिळावा म्हणून ते लेस्टर विद्यापीठात जेफ्रीज यांच्याकडे गेले.

जेफ्रीज यांना जनुकीय ठशाचं, म्हणजे डीएनएवरून माणूस ओळखण्याचं, तंत्र सापडून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. आपल्या डीएनएमध्ये काही जागी एकच छोटा मजकूर लागोपाठ अनेकदा येतो. छापखान्यात यंत्र अडकावं आणि एका प्रतीत तेच वाक्य दहा वेळा, दुसऱ्या प्रतीत पंचवीस वेळा छापलं जावं, तसं. ही आवर्तनं किती, ते माणसागणिक बदलतं. डीएनए कापणारी विकरं (एन्झाइम) या भागाच्या दोन्ही बाजूंना काप घेतात. आवर्तनं जास्त तर तुकडा लांब. हे तुकडे जेलीसारख्या थरात ठेवून त्यातून विजेचा प्रवाह सोडला की आखूड तुकडे भराभर पुढे सरकतात, लांब मागे रेंगाळतात. मग ते पातळ पटलावर उतरवून घ्यायचे, नेमक्या त्याच मजकुराला चिकटणारा किरणोत्सारी डीएनएचा तुकडा त्यावर सोडायचा, वर क्ष-किरणांची फिल्म ठेवायची आणि वाट बघायची, कधी कधी कित्येक दिवस. पडद्यावर ही वाट बघणं काही क्षणांत संपतं. प्रयोगशाळेत तसं नसतं.

१० सप्टेंबर १९८४, सोमवार, सकाळचे ९ वाजून ५ मिनिटं. डार्करूममध्ये जेफ्रीज यांनी अशीच एक फिल्म धुऊन बाहेर काढली. तिच्यावर प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ बाईंचा आणि त्यांच्या आईवडिलांचा डीएनए होता, शेजारी काही प्राण्यांचा आणि तंबाखूच्या झाडाचासुद्धा. प्रत्येकाच्या रांगेत काळ्या पट्ट्यांची वेगळी नक्षी, आणि मुलीच्या नक्षीतली प्रत्येक पट्टी आईच्या किंवा वडिलांच्या रांगेत सापडत होती. शोध होता वेगळ्याच गोष्टीचा, हाती आली माणसाची ओळख.

रक्ताच्या ताज्या नमुन्यातून अशी नक्षी काढणं एक आणि गुन्ह्याच्या पुराव्यातून काढणं दुसरं. बलात्काराच्या नमुन्यात पीडितेच्या पेशी आणि पुरुषाचे शुक्राणू मिसळलेले असतात. यावर पीटर गिल आणि डेव्हिड वेरेट या न्यायवैद्यक शास्त्रज्ञांनी काढलेली युक्ती मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते. शुक्राणूच्या डोक्यातली प्रथिनं गंधकाच्या बंधांनी घट्ट जखडलेली असतात. नमुन्यात आधी डिटर्जंट आणि प्रथिनं पचवणारं विकर घातलं की बाकीच्या पेशी फुटतात आणि त्यांचा डीएनए द्रवात उतरतो. शुक्राणूंची डोकी शाबूत राहतात. नळी यंत्रात गरगर फिरवली की ती तळाशी बसतात. वरचा द्रव काढून घ्यायचा, तळ नीट धुवायचा आणि मग गंधकाचे बंध तोडणारं रसायन घालायचं. आता जो डीएनए मोकळा होतो, तो पुरुषाचा. आजही याच पद्धतीने काम चालतं.

निकाल आला तो पोलिसांना हादरवणारा होता. दोन्ही खुनांतला पुरुष एकच, पण तो हा मुलगा नव्हे. कबुली एक सांगत होती, फिल्म दुसरंच. खातरजमा झाली आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये मुलगा सुटला. डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेला जगातला हा पहिला संशयित. दबावाखाली माणूस न केलेलं पापही कबूल करतो, याचा इतका निखळ पुरावा तोवर कुणाच्या हाती नव्हता.

मग जानेवारी १९८७ पासून नारबरो, एंडरबी आणि लिटलथॉर्प या गावांतल्या तरुण पुरुषांचे नमुने घेणं सुरू झालं. एकूण आकडा पाच हजारांच्या आसपास गेला. सगळ्यांचा डीएनए तपासणं त्या काळी अशक्यच. पुराव्यावरून मारेकऱ्याचा रक्तगट ‘ए’ होता आणि रक्तातल्या एका विकराचा प्रकारही ठाऊक होता. असा मेळ साधारण दहा टक्के पुरुषांतच असतो. त्या जुन्या चाचणीने बाकीचे वगळले, उरलेल्यांचा डीएनए पाहिला. एकही जुळला नाही.

चाचणी चुकली नव्हती. बाटलीतलं रक्तच दुसऱ्याचं होतं! कॉलिन पिचफोर्क या बेकरीतल्या कामगाराने आपल्या पासपोर्टवरचा फोटो बदलून सहकाऱ्याला स्वतःच्या नावाने रक्त द्यायला पाठवलं होतं. तो सहकारी हे पबमध्ये बोलून गेला, एका बाईने पोलिसांना कळवलं आणि १९ सप्टेंबर १९८७ रोजी पिचफोर्कला अटक झाली. त्याचा डीएनए जुळला. जानेवारी १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

तेव्हा डाग चांगला मोठा आणि ताजा असावा लागे. आता पीसीआर या तंत्राने मूठभर पेशींतल्या डीएनएच्याही असंख्य प्रती काढता येतात आणि आवर्तनंही फार आखूड निवडली जातात, म्हणून जुना, तुटका डीएनएसुद्धा बोलतो. ब्रिटनने १९९५ साली डीएनए नोंदींचा राष्ट्रीय संचही उभारला. पण चाचणी इतकी संवेदनशील झाल्यावर नवा पेच आला. हस्तांदोलन केलेल्या माणसाच्या हातून आपला डीएनए आपण कधी न गेलेल्या खोलीतल्या सुरीच्या मुठीवर पोचू शकतो. तो कुणाचा, हे फिल्म सांगायची आणि आजचं यंत्रही सांगतं. तो तिथे कसा आला, याचं उत्तर मात्र तपास अधिकाऱ्यालाच शोधावं लागतं.