चित्रपटप्रकार

विषय, मांडणी आणि प्रेक्षकाच्या अपेक्षा यांवरून चित्रपटांचे पडणारे गट. पौराणिकपट, संतपट, तमाशापट ही त्यांची छापील नावे. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात विचारतात ते ‘पिच्चर कसला हाय?’ उत्तर येते ‘देवाचा’, ‘तमाशाचा’, ‘मारामारीचा’, नाहीतर नुसते ‘रडका’. वर्गीकरण म्हणून हे ढोबळ असले तरी नेमके आहे. प्रकार म्हणजे तिकीट काढण्याआधीच ठरलेली बोली, म्हणजे करार. ‘रडका’ म्हटल्यावर रडू आले नाही, तर पैसे वाया गेले असेच माणूस म्हणतो.

ही बोली कशी बदलते, ते तमाशापटात चांगले दिसते. ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) पासून हा प्रकार रुळला. फडावरच्या तमाशात गण (गणेशवंदना), गौळण (कृष्ण-गवळणींची छेडछाड), बतावणी (विनोदी संवाद) आणि वग (मुख्य नाट्य) असा क्रम असतो. पडद्याने त्यातली लावणी आणि सवाल-जवाब, म्हणजे गाण्यातून रंगणारी प्रश्नोत्तरे, ठळक केले आणि त्यांना पाटील, वाडा, सूड यांची जोड दिली. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्यात १३१ आठवडे चालला. पुढे ढोलकीची पहिली थाप पडली की पुढचे सगळे प्रेक्षकाला पाठ असायचे. प्रकार इतका पाठ झाला, की त्याच्या कडेला उभी असलेली माणसे मधोमध येऊ लागतात. ‘सोंगाड्या’त (१९७१) दादा कोंडके यांनी हशा पिकवणाऱ्यालाच नायक केले. ‘पिंजरा’त (१९७२) तमाशाला नाके मुरडणारा मास्तर केंद्रस्थानी आला आणि तमाशातच संपला. ऐंशीच्या दशकात शहरी विनोदीपटांनी फड जवळजवळ गुंडाळलाच. तो ‘नटरंग’मध्ये (२०१०) पुन्हा उभा राहिला, तेव्हा नायक होता नाच्या, म्हणजे तमाशात बायकी हावभाव करणारा पुरुष: तोवर ज्याच्याकडे पाहून फक्त हसायचे, तो.

सीमाभागातल्या मराठी माणसाला अशा खेळांची ओळख कन्नड लोककलांतूनही असते. मराठी शाहिरांच्या दोन पक्षांमधला कलगी-तुऱ्याचा झगडा कन्नड गीगी पदांत, म्हणजे तिकडच्या शाहिरी गाण्यांत, हरदेशी-नागेशी म्हणून रंगतो. बैलहोंगल भागातल्या ‘संग्या-बाळ्या’ या सन्नाटात (कन्नड लोकनाट्यात) व्यभिचार आणि खुनाची गोष्ट गाण्यातून सांगतात. बेळगाव जिल्ह्यातल्या कुलगोडच्या तम्मण्णांनी ‘श्रीकृष्ण पारिजात’ या लोकनाट्याला आकार दिला. हे ज्याने जत्रेत पाहिले आहे, त्याला पडद्यावरचा सवाल-जवाब समजावून सांगावा लागत नाही. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्करही बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे (जन्म १८४३). बोलपटातील गाण्यांची सवय मराठी प्रेक्षकाला त्या रंगभूमीनेच लावली होती.

पहिला कन्नड बोलपट ‘सती सुलोचना’ (१९३४) कोल्हापुरात चित्रित झाला. विषय अर्थातच पौराणिक: बोलपट नवा असताना गोष्ट ओळखीची हवी, हा हिशेब दोन्ही भाषांत सारखाच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. प्रकार मात्र इकडून तिकडे जातच राहिले. ‘सैराट’ने (२०१६) प्रेमपटाची बोली शेवटच्या काही मिनिटांत मोडली. लोक झिंगाट नाचायला आले होते, आणि शेवट पार्श्वसंगीताविना, मुलाच्या रक्ताळलेल्या पावलांवर. त्याचा कन्नड अवतार ‘मनसु मल्लिगे’ (२०१७). नायिका तीच, रिंकू राजगुरू.