जुनी ऑक्टाव्हिया आरएस बाळगताना: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २००४ साली आपल्याकडे आली. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), १५० अश्वशक्ती, पाच गिअर आणि १७५० आरपीएमपासूनच हाती येणारा २१० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद. वीस वर्षे उलटली तरी तिसऱ्या गिअरमध्ये ही गाडी अशी उचल घेते की चालवणारा खूश होतो. ती विकू नका, सांभाळा, असे आम्ही प्रत्येकाला मनापासून सांगतो. पण जुन्या टर्बो गाडीत पैसा आधी कशावर घालायचा, हे ठाऊक असले पाहिजे. आमचे उत्तर ठरलेले आहे: आधी टायमिंग बेल्ट, मग इंजिन ऑइल, मग रबराचे पाइप. बाकीचे सगळे त्यानंतर.

गाडी संभाजीनगरजवळ स्कोडाच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली, म्हणजे संभाजीनगरात तिचे सगळे पार्ट सहज मिळत असतील, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. तिथे बाहेरून पेट्यांत आलेले भाग जोडून गाडी तयार होत असे. मात्र हेच इंजिन थोड्याफार फरकाने त्या काळच्या फोक्सवॅगन आणि ऑडीच्या गाड्यांतही होते, त्यामुळे त्याचे पार्ट जगभर अजून बनतात. मागवायला वेळ लागतो, एवढेच.

टायमिंग बेल्ट
«गाडी फारशी फिरलेलीच नाही, बेल्ट कशाला बदलायचा?» हे आम्ही सर्वांत जास्त ऐकतो. रबर किलोमीटर मोजत नाही, ते वर्षांनी कडक होते. या इंजिनात एका सिलिंडरला पाच, असे एकूण वीस व्हॉल्व्ह आहेत आणि त्यांची उघडझाप पिस्टनच्या चालीशी जुळवून ठेवतो तो हाच बेल्ट. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड (व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवावे लागते. म्हणून ६०,००० किलोमीटर किंवा ५ वर्षे, यांतले जे आधी होईल तेव्हा बेल्ट बदला. त्याच वेळी टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून धरणारी आणि वळवणारी चाके) आणि वॉटर पंपही बदलून घ्या, कारण पंप याच बेल्टवर फिरतो. जुन्या पंपांचा आतला पंखा प्लास्टिकचा असे. तो तडकला की पाणी फिरत नाही आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आम्ही धातूच्या पंख्याचा पंप बसवतो. गाडी सेकंडहॅण्ड घेतली असेल आणि बेल्टचे बिल मिळत नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून चाला.

इंजिन ऑइल
टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो आणि त्याला तेल नेणारी बारीक नळी तापलेल्या एक्झॉस्टच्या जवळून जाते. साधे किंवा जुने झालेले तेल तिथे करपते आणि त्याची काजळी होते. पुढे ती काजळी चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, ऑइल पंपाच्या तोंडावरच्या जाळीत अडकते. आम्ही चेंबर उतरवतो तेव्हा ही जाळी ग्राहकाला मुद्दाम दाखवतो. धड असली तर तिच्यातून पलीकडचा प्रकाश दिसतो. खराब असली तर डांबर फासल्यासारखी काळी असते आणि बोटाने खरवडले की वाळूसारखे कण हाताला येतात. अशा जाळीतून टर्बोला पुरेसे तेल कसे मिळणार?

म्हणून ५डब्ल्यू-४० ग्रेडचे फुल सिंथेटिकच वापरा, डब्यावर व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन) ५०२ ००ची मान्यता बघून घ्या, आणि ७,५०० किलोमीटर किंवा वर्ष, यांतले जे आधी होईल तेव्हा बदला. तेल साधारण साडेचार लिटर लागते. दोन सर्व्हिसच्या मध्ये थोडे कमी होणे या इंजिनात नवीन नाही, तेव्हा महिन्यातून एकदा डिपस्टिक काढून बघा. सकाळी थंड गाडी चालू करताना वरच्या बाजूने काही सेकंद साखळीचा खडखडाट येत असेल, तर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या चेनचा टेन्शनर तपासून घ्या. तेलाचा लाल दिवा लागला तर जागच्या जागी इंजिन बंद करा. घरापर्यंत नेऊ म्हणून चालवू नका.

हायवेवर गाडी पळवून आलात, तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश या. टर्बो तेवढ्यात थंड होतो.

पिकअप गेला?
बहुतेक वेळा टर्बो खराब नसतो. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, हात जेमतेम पोचतो अशा जागी, क्रॅंककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पोटातल्या) हवेचे रबरी पाइप आहेत. ते फुगतात, मऊ पडतात, फाटतात आणि तिथून हवा गळते. आम्ही स्मोक टेस्ट करतो: इनटेकमध्ये धूर सोडला की फाटलेल्या जागेतून त्याची रेघ वर येते आणि वाद संपतो. पाइप स्वस्त, मजुरी जास्त, पण नवा टर्बो घेण्याआधी ही टेस्ट कराच.

गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे अडखळत चालत असेल, आणि इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर स्पार्क प्लगला वीज देणारी इग्निशन कॉइल गेलेली असण्याची शक्यता मोठी. तशीच चालवलीत तर न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गुलाबी जी१२ जातीचाच घाला. दुसऱ्या जातीच्या हिरव्यात मिसळला की गाळ होतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात याची किंमत कळते.

पेट्रोल आणि उभी गाडी
या गाडीला ९५ ऑक्टेनचे पेट्रोल द्या. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल असते आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही, म्हणून इंधनाचे पाइप आणि त्यांचे क्लॅम्प दर सर्व्हिसला बघून घ्या. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर उशीर न करता दाखवून घ्या. इथेनॉल ओलावा ओढते, तेव्हा गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. आठवड्यातून एकदा इंजिन ऑइल नीट तापेल इतकी, वीसेक किलोमीटर, चालवून आणा. नुसती दारात चालू करून बंद करण्याने काही साधत नाही.

रिमॅप
रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणे. करता येते, ताकद वाढतेही. पण वर सांगितलेले काम झालेले नसेल, तर आम्ही रिमॅप करून देत नाही. क्लच आणि ब्रेकही आधी बघतो.

कागदपत्रे
पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी, पर्यावरण कर आणि नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करा. पासिंगला नेण्यापूर्वी ब्रेक, दिवे आणि पीयूसी आम्ही पाहून देतो.

पहिल्यांदा येत असाल तर गाडी आदल्या संध्याकाळी सोडा, म्हणजे सकाळी थंड इंजिनाचा आवाज आम्हाला ऐकता येतो. जुनी बिले असतील तेवढी सगळी आणा, फाटकी असली तरी चालतील.