ड्रेनॉरची उड्डाणबंदी: ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील एका वादाची पार्श्वभूमी

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात रमतगमत, कानाकोपरा पाहत फिरणारे आणि थेट मुक्कामाला उडत जाणारे यांच्यातला वाद दर नव्या एक्सपान्शनबरोबर (खेळात नवा प्रदेश आणि कथानक आणणाऱ्या मोठ्या विस्ताराबरोबर) डोके वर काढतो. त्याची आजची मांडणी ड्रेनॉर या नव्या प्रदेशात खेळाडूंना उडू न देण्याच्या २०१४-१५ मधल्या निर्णयातून आली आहे.

२००४ मध्ये खेळ सुरू झाला, तेव्हा सावकाश जावे की भरभर, हा प्रश्नच नव्हता. पहिले माउंट, म्हणजे स्वारीचे जनावर, ४०व्या लेव्हलला मिळे आणि तोवर सारा प्रवास पायी होई. ठरलेल्या मार्गांवर भाड्याचे ग्रिफिन (गरुडाचे डोके आणि पंख असलेले सिंह) असत, पण त्यांचा लगाम खेळाडूच्या हाती नसे. आयर्नफोर्ज या डोंगरातल्या शहराहून मेनेथिल बंदराकडे जाताना ग्रिफिन बर्फाळ कड्यांवरून जाई आणि खाली डोंगरमाथ्यावर एक धावपट्टी व तिच्यावर उभी असलेली विमाने क्षणभर दिसत. तिकडे जाणारी वाट नव्हती आणि कोणत्याही क्वेस्टमध्ये (खेळाने नेमून दिलेल्या कामगिरीत) तिचा उल्लेख नव्हता. तरीही कड्यावर पाय टेकण्यापुरती जागा शोधत, पडत आणि पुन्हा चढत काही जण तिथे पोहोचले. अशा जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याला ते एक्सप्लोर करणे म्हणत. खेळाची यंत्रणा मात्र हाच शब्द वेगळ्या अर्थाने वापरते: एखाद्या भागाच्या हद्दीत शिरले की त्याचे नाव पडद्यावर उमटते आणि नकाशाचा तेवढा तुकडा उघडतो. २००८ मध्ये अचीव्हमेंट (ठरावीक गोष्टी पुऱ्या केल्याच्या नोंदी) आल्या आणि सगळे तुकडे उघडणाऱ्याला ‘द एक्सप्लोरर’ ही पदवी मिळू लागली. पुढच्या वादात दोन्ही बाजूंनी हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला, आणि बराचसा गोंधळ तिथूनच झाला.

स्वतःच्या माउंटवरून उडण्याची सोय २००७ मध्ये आउटलँड या नव्या प्रदेशापुरती आली. ती ७०व्या लेव्हलला मिळे आणि वेगवान उड्डाण शिकायला ५,००० गोल्ड (खेळातले चलन) लागत. जुन्या खंडांवर उडता येत नव्हते, कारण तिथला भूप्रदेश जमिनीवरून जेवढा दिसेल तेवढाच बांधलेला होता. शहरांच्या पाठीमागच्या बाजू आणि डोंगरांमधल्या जागा अपुऱ्या होत्या. २०१० च्या कॅटाक्लिझम या एक्सपान्शनमध्ये हे खंड नव्याने घडवले गेले आणि २५० गोल्डच्या परवान्यावर आकाश खुले झाले. धावपट्टीलाही रीतसर वाट आणि क्वेस्ट मिळाल्या. ती पाहण्यातले जुने अप्रूप मात्र त्याच दिवशी संपले, असे माझे मत आहे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये ड्रेनॉर उड्डाणाविना उघडले. उड्डाण पुढच्या एखाद्या पॅचमध्ये, म्हणजे छोट्या सुधारणेत, येईल, अशी बहुतेकांची समजूत होती. मे २०१५ मध्ये निर्मात्यांनी, ड्रेनॉरमध्ये ते आणण्याचा विचार नाही, असे स्पष्ट सांगितले आणि खेळाडूंमध्ये संतापाची लाट उसळली. निर्मात्यांची बाजू अशी होती की उडणारा खेळाडू निघाल्यापासून उतरेपर्यंतच्या मधल्या साऱ्या जगाला वगळतो. कड्याच्या बेचक्यात ठेवलेली खजिन्याची पेटी, धबधब्यामागची गुहा किंवा वाटेत अचानक गाठ पडणारा दुर्मीळ प्राणी यांना मग काही अर्थ उरत नाही. ड्रेनॉरची जमीन खरोखरच या विचाराने घडवलेली होती. तिथे एखाद्या पेटीसाठी समोरच्या सुळक्याची चढण कुठून सुरू होते हे शोधावे लागे, ती चुकली तर शेजारच्या उंचवट्यावरून ग्लायडर किटने (तरंगत खाली नेणाऱ्या साधनाने) झेप घ्यावी लागे, आणि या शोधात तो सगळा परिसर पाठ होऊन जाई. विरोधकांचा मुद्दाही हलका नव्हता: पहिल्यांदा पायी जाण्यात गोडी असते, पण तीच दरी विसाव्यांदा ओलांडताना ती उरत नाही, आणि सक्तीचा संथपणा म्हणजे शोध नव्हे. शिवाय ॲडऑन (खेळाला जोडायचे पूरक प्रोग्रॅम) लावले की पेट्या नकाशावर आधीच दिसत, त्यामुळे जमिनीवरून जाणारा प्रत्येक जण काही शोधत होता असेही नाही.

अखेर १० जून २०१५ रोजी तडजोड जाहीर झाली आणि सप्टेंबरमध्ये ती लागू झाली. ड्रेनॉरचा नकाशा पूर्ण उघडणे, १०० पेट्या मिळवणे, मुख्य कथानकाच्या क्वेस्ट पुऱ्या करणे आणि ड्रेनॉरमधल्या तानान जंगलातल्या तीन गटांची मर्जी संपादणे, हे सारे करणाऱ्याला ‘पाथफाइंडर’ म्हणून उडता येऊ लागले. आकाश परत मिळाले, पण कुतूहलाने उघडायच्या पेट्या त्या दिवसापासून उड्डाणाचे शुल्क ठरल्या, आणि माझ्या मते या प्रकरणातले खरे नुकसान हेच आहे.

पुढची तीन एक्सपान्शन याच वाटेने गेली. २०२२ च्या ड्रॅगनफ्लाइट या एक्सपान्शनमध्ये उड्डाण सुरुवातीलाच मिळाले. त्याचा वेग जुन्याच्या दुपटीहून अधिक होता, मात्र सूर मारून आणि उंची राखून तो टिकवावा लागे. ज्यांना मूळची चाल हवी होती त्यांच्यासाठी २०१९ मध्येच क्लासिक आवृत्ती निघाली होती. तिथे पहिले माउंट पुन्हा ४०व्या लेव्हललाच मिळाले आणि आयर्नफोर्जच्या वरची ती धावपट्टी पुन्हा ग्रिफिनच्या पाठीवरून, क्षणभरच, दिसू लागली.